फिरत्या ट्रिब्यूट बँडमधील माजी सभासद व तंत्रज्ञ : जागा, व्यक्ती आणि श्रेय

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात 'ट्रिब्यूट बँड' नावाचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. एखाद्या प्रसिद्ध वाद्यवृंदाची गाणी, त्याचा ध्वनी, वेशभूषा, नेपथ्य आणि रंगमंचावरील वावर यांची शक्य तितकी हुबेहूब पुनर्निर्मिती करून गावोगावी कार्यक्रम करणारा संच, असे त्याचे सामान्य स्वरूप सांगता येईल. या विषयावरील चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. अनुकरणाला कला म्हणावे काय, हा पहिला प्रश्न. आणि मूळ कलावंताच्या हक्कांचे काय, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांत एक घटक दुर्लक्षित राहतो. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाने गाणारा, वाजवणारा, त्यासाठी दिवे आणि ध्वनी सांभाळणारा माणूस जेव्हा संचातून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या हाती काय उरते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन काही प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे केले आहे. ट्रिब्यूट बँडमध्ये 'जागा' ही व्यक्तीपेक्षा दीर्घायुषी असते. त्यामुळे माजी सभासदाचे कौशल्य खरे असूनही त्याची नोंद मात्र राहत नाही, हे या लेखाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

१. संकल्पना आणि उगम

दुसऱ्याची गाणी वाजवणारे वाद्यवृंद पूर्वीपासून होते. परंतु अशा वाद्यवृंदाचा सभासद स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या वेशात रंगमंचावर येतो. ट्रिब्यूट बँडचा सभासद एका विशिष्ट व्यक्तीची भूमिका वठवतो. म्हणजे संगीत आणि नाट्य या दोन्ही कलांच्या सीमारेषेवर तो उभा असतो.

या व्यवसायाच्या जडणघडणीत 'बीटलमेनिया' या प्रयोगाचे स्थान महत्त्वाचे आहे. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हा प्रयोग सुरू झाला आणि १९७९ पर्यंत त्याचे हजारावर खेळ झाले. चार वादक-गायक बीटल्सच्या वेशात गाणी सादर करत आणि पाठीमागे त्या काळातील घटनांची छायाचित्रे व चित्रफिती दाखवल्या जात. मागणी वाढल्यावर चौघांचे अनेक संच तयार करण्यात आले. येथेच या व्यवसायाचे मूलतत्त्व स्पष्ट झाले : जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो ही चार नावे माणसांची न राहता चार पदे बनली आणि ती पदे एकाच वेळी अनेकांना भरता येऊ लागली.

याच प्रयोगाची आवृत्ती लंडनमध्येही झाली. ती बंद पडल्यावर तिच्यातील कलावंतांनी १९८० मध्ये 'बूटलेग बीटल्स' हा संच स्थापन केला. पुढे १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात दोन महत्त्वाचे संच उदयास आले : ॲडलेड येथे पिंक फ्लॉईडचे संगीत सादर करणारा 'ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉईड शो', आणि मेलबर्न येथे ॲबाचे संगीत सादर करणारा 'ब्योर्न अगेन'. युरोप-अमेरिकेतील प्रसिद्ध वाद्यवृंदांचे दौरे ऑस्ट्रेलियापर्यंत क्वचितच पोहोचत. त्या अंतराने निर्माण केलेली पोकळी स्थानिक संचांनी भरून काढली, असे म्हणण्यास जागा आहे.

२. जागा आणि व्यक्ती

बीटल्स १९७० मध्ये विभक्त झाले तेव्हा चौघांपैकी एकानेही वयाची तिशी ओलांडलेली नव्हती. जागतिक कीर्तीचा त्यांचा काळ एका दशकाच्या आतबाहेरचा आहे. बूटलेग बीटल्समध्ये जॉन लेननची भूमिका करणारे नील हॅरिसन यांनी मात्र १९८० ते २०११ अशी सुमारे तीन दशके ती जागा सांभाळली. स्वतः लेनन यांना चाळीस वर्षांचे आयुष्य लाभले. म्हणजे बीटल म्हणून खुद्द लेनन जितकी वर्षे रंगमंचावर होते, त्याच्या कितीतरी पट वर्षे त्यांची प्रतिमा वावरली. हॅरिसन निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी तरुण कलावंत आला आणि संच पुढे चालू राहिला.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, भूमिका वयाने वाढत नाही; ती करणारा वाढतो. नाटकातील नट वयानुसार नायकाकडून चरित्रभूमिकेकडे वळू शकतो. ट्रिब्यूट बँडमध्ये अशी दुसरी भूमिका उपलब्ध नसते. दोन, भूमिका सोडणारा गेल्यानंतर त्याच्या शैलीचा वारसा सांगितला जात नाही. नवागताने मूळ कलावंताकडे पाहून शिकावे अशीच अपेक्षा असते. आधीच्या प्रतिरूपाकडे पाहून शिकणे हा दोष मानला जातो. प्रत्यक्षात मात्र गाण्याच्या जागा कोठे कठीण आहेत, रोजच्या प्रयोगात आवाज कसा राखावा, डावखुऱ्या माणसाप्रमाणे गिटार कशी धरावी, हे सारे ज्ञान आधीच्या सभासदाकडूनच मिळू शकते. हे हस्तांतरण होते, पण अनामिक राहते.

अमेरिकेतील 'डार्क स्टार ऑर्केस्ट्रा'चे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. १९९७ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेला हा संच 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाचे संगीत सादर करतो. ग्रेटफुल डेडने आपल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करण्यास श्रोत्यांना मुभा दिली होती. त्यामुळे शेकडो कार्यक्रमांच्या ध्वनिफिती रसिकांच्या संग्रहात राहिल्या. डार्क स्टार ऑर्केस्ट्रा अनेकदा त्यांतील एखाद्या विशिष्ट तारखेचा संपूर्ण कार्यक्रम त्याच क्रमाने सादर करतो आणि अखेरीस मूळ स्थळ व तारीख जाहीर करतो. त्या काळात एक तबलजी होता की दोन, असे आपण ज्या बारकाईने विचारू, त्याच बारकाईने तेथे ड्रमवादक किती होते, स्त्रीगायिका होती काय, याचा विचार करून संच उभा केला जातो. मात्र ते अक्षरशः अनुकरण नसते. ग्रेटफुल डेडचे संगीत उत्स्फूर्त विस्तारावर आधारलेले असल्याने आराखडा जुना आणि तपशील नवा, अशी रचना होते.

या संचाचे एक संस्थापक, कीबोर्डवादक स्कॉट लार्नेड यांचे २००५ मध्ये निधन झाले. दुसरे संस्थापक, गिटारवादक जॉन काड्लेसिक, २००९ मध्ये 'फर्दर' या संचात गेले. फर्दरची स्थापना ग्रेटफुल डेडचेच फिल लेश आणि बॉब वीर यांनी केली होती. काड्लेसिक यांच्या जागी जेफ मॅटसन आले. दोन्ही संस्थापक नसतानाही संस्था टिकली. १९९५ मध्ये दिवंगत झालेल्या जेरी गार्सिया यांची जागा अशा रीतीने एका हातातून दुसऱ्या हाती गेली.

३. माजी सभासदांच्या वाटा

संच सोडणाऱ्या सभासदांपुढे साधारणतः तीन वाटा दिसतात.

(अ) मूळ वाद्यवृंदात प्रवेश : सर्वांत नाट्यमय वाट हीच. 'जूडास प्रीस्ट'ची गाणी सादर करणाऱ्या संचातील ओहायोचे गायक टिम ओवेन्स यांना १९९६ मध्ये खुद्द जूडास प्रीस्टने गायक म्हणून घेतले. २००३ मध्ये मूळ गायक रॉब हॅल्फर्ड परतले आणि ओवेन्स यांना जागा सोडावी लागली. 'येस' या वाद्यवृंदाने २००८ मध्ये मॉन्ट्रियल येथील एका येस-ट्रिब्यूट संचाचे गायक बेन्वा डेव्हिड यांना घेतले. २०१२ मध्ये त्यांच्या जागी आलेले जॉन डेव्हिसन हेही अशाच एका संचातून आलेले होते. टॉमी थेयर यांनी 'किस'च्या ट्रिब्यूट संचात काम केले, पुढे त्याच वाद्यवृंदासाठी पडद्यामागील कामेही केली आणि २००२ पासून ते मुख्य गिटारवादक झाले. मूळ गिटारवादक एस फ्रेली यांनी प्रसिद्ध केलेली रंगभूषाच त्यांनी धारण केली आणि २०२३ मधील अखेरच्या कार्यक्रमापर्यंत ती कायम राहिली. मूळ वाद्यवृंदात पोहोचूनही चेहरा दुसऱ्याचाच राहिला, ही बाब लक्षणीय आहे. किंबहुना मूळ वाद्यवृंदही काही काळाने स्वतःचाच ट्रिब्यूट बँड बनतो आणि तेथेही जागा व्यक्तीला मागे टाकते, असा निष्कर्ष यातून निघतो.

(आ) स्वतंत्र संचाची स्थापना : ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉईड शोमध्ये सुमारे सतरा वर्षे काम केलेले डेमियन डार्लिंग्टन यांनी २०११ मध्ये 'ब्रिट फ्लॉईड' हा संच उभारला. मूळ संगीतावर दोघांचाही मालकी हक्क नाही. त्यामुळे माजी सहकारी सहज प्रतिस्पर्धी होऊ शकतो. येथे स्पर्धा गाण्यांची नसून सादरीकरणाच्या दर्जाची असते. दर्जा मात्र माणसांच्या हातात असतो. म्हणून माजी सभासद बाहेर पडताना कोणतीही दृश्य मालमत्ता नेत नसला, तरी व्यवसायाचे खरे भांडवल त्याच्याबरोबर जाते.

(इ) स्वतःच्या निर्मितीकडे वळणे : बीटलमेनियाच्या फिरत्या संचात लेननची भूमिका केलेले मार्शल क्रेनशॉ यांनी १९८२ मध्ये स्वतःच्या गीतांचा पहिला संग्रह प्रसिद्ध केला आणि गीतकार-गायक म्हणून मान्यता मिळवली. बूटलेग बीटल्समध्ये पॉल मॅकार्टनीची भूमिका करणारे डेव्हिड कॅटलिन-बर्च पुढे 'वर्ल्ड पार्टी' या वाद्यवृंदात गेले. अनुकरणाने प्रतिभा खुंटते, हे सरसकट विधान अशा उदाहरणांपुढे टिकत नाही. दुसऱ्याची रचना आतून समजून घेणे हे एक प्रकारचे शिक्षणच असते. आपल्याकडील गुरुमुखी विद्येला हे तत्त्व अपरिचित नाही. तथापि शिष्याला घराण्याचे नाव मिळते. ट्रिब्यूट बँडच्या सभासदाला तेही मिळत नाही.

या तीन वाटांवरून चालणाऱ्यांची नावे ज्ञात आहेत, कारण ते यशस्वी झाले. छोट्या शहरांतील सभागृहे, विवाहसमारंभ आणि सुट्टीच्या हंगामातील कार्यक्रम यांवर उदरनिर्वाह करून पुढे अन्य व्यवसायात गेलेल्यांचा वर्ग मोठा आहे आणि त्याची कोठेही नोंद नाही.

४. पडद्यामागील तंत्रज्ञ

गायक-वादकांची ही स्थिती असेल तर तंत्रज्ञांची त्याहून वेगळी असण्याची शक्यता नाही. वास्तविक ट्रिब्यूट बँडच्या यशात तंत्रज्ञांचा वाटा असाधारण असतो. पिंक फ्लॉईडसारख्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम वर्तुळाकार पडदा, प्रकाशयोजना, हवेने फुगवलेल्या प्रचंड आकृती आणि सभागृहाच्या सर्व बाजूंनी येणारा ध्वनी यांसाठी ओळखले जात. प्रेक्षक पुष्कळदा वादकांच्या चेहऱ्यापेक्षा या दृश्य-ध्वनीचीच आठवण घेऊन येतो. ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉईड शोने मूळ वाद्यवृंदाच्या दौऱ्यांवर काम केलेल्या ध्वनितंत्रज्ञाचे साहाय्य घेतले. याच संचाने १९९६ मध्ये पिंक फ्लॉईडचे डेव्हिड गिलमोर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात वादन केले. मूळ आणि अनुकरण यांच्यातील दुवा रंगमंचावरील ताऱ्यांपेक्षा ध्वनिफलकामागील माणसांनी अधिक घट्ट केला, असे यावरून दिसते.

कॅनडातील 'द म्युझिकल बॉक्स' हा संच १९७० च्या दशकातील 'जेनेसिस'चे कार्यक्रम पुन्हा उभे करतो. जेनेसिसच्या १९७४-७५ मधील दौऱ्यात तीन पडद्यांवर पारदर्शिका दाखवून एक संपूर्ण कथा सादर केली जात असे. त्या प्रयोगाचे संपूर्ण चित्रीकरण उपलब्ध नाही. मूळ कलावंतांच्या अनुमतीने आणि मूळ पारदर्शिकांच्या आधारे या संचाने तो प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला. छायाचित्रे, ध्वनिफिती आणि प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी यांतून हरवलेला प्रयोग जुळवणे हे इतिहाससंशोधकाच्या कामाशी नाते सांगणारे आहे. २००५ मध्ये जिनिव्हा येथे जेनेसिसचे फिल कॉलिन्स या संचासोबत एका गीतासाठी ड्रम वाजवण्यास बसले, ही त्या श्रमाला मिळालेली दाद होय. परंतु अशा दादेचे धनी प्रकाशयोजनाकार, पारदर्शिका चालवणारे आणि वेशभूषा शिवणारे क्वचितच होतात.

तंत्रज्ञांच्या ज्ञानाचे स्वरूपही विचारात घ्यावे लागते. दिव्यांचा क्रम कागदावर अथवा संगणकात राहतो. पण गायकाने श्वास घेतल्यानंतर कोणत्या क्षणी दिवा टाकायचा, निराळ्या आकाराच्या सभागृहात तोच ध्वनी कसा साधायचा, ही जाण हाताला असते. तंत्रज्ञ गेला की ती जाते. शिवाय फिरत्या संचांतील पुष्कळसे काम दौऱ्यापुरत्या करारावर चालते. महासाथीमुळे मार्च २०२० पासून जगभरातील दौरे थांबले, तेव्हा या व्यवस्थेची दुर्बलता उघड झाली. ब्रिटनमध्ये कार्यक्रम-व्यवसायातील तंत्रज्ञांनी ऑगस्ट २०२० मध्ये इमारती लाल दिव्यांनी उजळून आपल्या अवस्थेकडे लक्ष वेधले. ज्यांचे काम इतरांना उजेडात आणणे, त्यांना स्वतःकडे लक्ष वेधण्यासाठी दिव्यांचाच आधार घ्यावा लागला.

५. कायद्याची चौकट

कायद्याच्या दृष्टीने ट्रिब्यूट बँडच्या कार्यक्रमात तीन वेगळे हितसंबंध असतात. गीत व स्वररचना यांवर रचनाकाराचा हक्क असतो आणि सार्वजनिक सादरीकरणाचे शुल्क परवाना देणाऱ्या संस्थेमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचते. भारतात असे काम १९६९ पासून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. मूळ कलावंताच्या चेहऱ्याचा व आवाजाचा व्यापारी उपयोग हा दुसरा हितसंबंध. बीटलमेनियाच्या निर्मात्यांविरुद्ध बीटल्सच्या ॲपल कोअर कंपनीने दाखल केलेल्या दाव्यात १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. १९८८ मधील बेट मिडलर यांचा खटला तर प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. मिडलर यांनी एका मोटार कंपनीच्या जाहिरातीसाठी गाण्यास नकार दिल्यावर जाहिरातसंस्थेने त्यांच्याच माजी साथगायिकेकडून त्यांच्या आवाजाच्या धर्तीवर गाणे गाऊन घेतले. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मिडलर यांचा हक्क मान्य केला. तथापि मिडलर यांच्यासोबत गाताना साथगायिकेच्या गळ्यात मुरलेले वळण तिचे स्वतःचे किती आणि दुसऱ्याचे किती, हा प्रश्न त्या निर्णयाने सुटला नाही.

तिसरा हितसंबंध सादरकर्त्याचा. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याच्या हक्कास स्थान मिळाले. अधिनियमातील व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्ती यांचाही समावेश आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जाण्याचा नैतिक हक्क दिला. मात्र सादरीकरणाच्या उपयोगाच्या पद्धतीमुळेच नाव वगळणे भाग पडत असेल तर अपवादही ठेवला. ट्रिब्यूट बँडचा संपूर्ण डोलारा सभासदाने आपले नाव विसरून जाण्यावर उभा असल्याने या अपवादाचा अर्थ कसा लावायचा, हा विचारणीय मुद्दा आहे. ध्वनी व प्रकाश सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचा तर व्याख्येत नामनिर्देशच नाही. गारुड्याला स्थान देणाऱ्या उदार व्याख्येतही दिवा धरणारा बाहेरच राहिला आहे.

६. महाराष्ट्राच्या संदर्भात

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. मुंबई-पुण्यातील 'ऑर्केस्ट्रा' या लोकप्रिय प्रकारात रफी, मुकेश, किशोरकुमार यांच्या आवाजाच्या जवळ जाणाऱ्या गायकांनी अनेक दशके कार्यक्रम केले. मेलडी मेकर्स या वाद्यवृंदातून पुढे आलेले सुदेश भोसले यांनी १९९१ च्या 'हम' चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्यासाठी त्यांच्याच आवाजाच्या धाटणीत पार्श्वगायन केले. स्वतःच्या नावाने प्रस्थापित झालेले असे कलावंत थोडे. 'अमक्याचा आवाज' एवढीच ओळख घेऊन निवृत्त झालेले अधिक. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी व संगीत-संयोजकांनी मोलाची भर घातली. परंतु अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशी मोजकी नावे वगळता बहुतेकांची नावे तबकड्यांवर आली नाहीत.

मराठी रंगभूमीने मात्र एक उपयुक्त परंपरा जपली आहे. जुने नाटक पुन्हा आले की जाहिरातीत 'नव्या संचात' असे शब्द येतात. या दोन शब्दांत आधीचा संच होता याची कबुली आहे. तसेच नाटकाच्या जाहिरातीत व श्रेयनामावलीत नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा, रंगभूषा यांच्या कर्त्यांची नावे देण्याची रीत आहे. ट्रिब्यूट बँडच्या व्यवसायाला नेमकी हीच रीत उणी पडली.

आवाजाच्या अनुकरणाला आता यंत्राची जोड मिळाली आहे. अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे केलेली नक्कल रोखणारा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. या आदेशाने मूळ कलावंताच्या संरक्षणाला बळ मिळाले, हे स्वागतार्हच होय. परंतु ज्या माणसाने वर्षानुवर्षांच्या रियाजाने दुसऱ्याचा आवाज आपल्या गळ्यात आणला, त्याची जागा यंत्र घेऊ लागले तर त्याच्या श्रमाचे काय, हा प्रश्न कायद्याच्या चर्चेत अद्याप पुरेसा आलेला नाही.

निष्कर्ष

१. ट्रिब्यूट बँडमध्ये भूमिका ही कायम आणि व्यक्ती बदलती असते. म्हणून माजी सभासदाच्या अनामिकतेचे कारण व्यक्तिगत अपयशात न शोधता व्यवसायाच्या रचनेत शोधावे लागते.

२. अनुकरणाचे श्रम हे कौशल्याचे श्रम आहेत. मूळ वाद्यवृंदांनी अशा संचांतून सभासद घेणे आणि माजी सभासदांनी स्वतंत्र निर्मिती करणे, ही याची दोन प्रमाणे होत.

३. पुनर्निर्मितीचा मोठा भार तंत्रज्ञ वाहतात. परंतु श्रेय, कराराची सुरक्षितता आणि कायदेशीर मान्यता या तिन्ही बाबतींत ते सर्वांत मागे आहेत.

४. मूळ रचनाकार व कलावंत यांचे हक्क आणि सादरकर्त्याचे श्रेय यांत अपरिहार्य विरोध नाही. मूळ कलावंताला मानधन पोहोचवूनही सादरकर्त्याचे नाव पत्रिकेवर छापता येते.

समारोप

रंगमंचावर भ्रम निर्माण करणे हे ट्रिब्यूट बँडचे काम आहे आणि प्रेक्षक तो भ्रम स्वखुशीने स्वीकारतो. पडदा पडल्यानंतर मात्र भ्रम चालू ठेवण्याचे कारण उरत नाही. कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर आजच्या संचाबरोबर कालच्या संचाची आणि तंत्रज्ञांची नावे, त्यांच्या कार्यकाळासह, देण्यास फारसा खर्च येत नाही. एवढ्या साध्या उपायाने उपजीविकेचा प्रश्न सुटणार नाही, हे खरे. परंतु हक्क मागण्यासाठी प्रथम अस्तित्वाची नोंद असावी लागते. महाविद्यालयांतील संगीत, नाट्य, समाजशास्त्र आणि विधी या विभागांनी आपापल्या शहरातील जुन्या ऑर्केस्ट्रांच्या माजी कलावंतांच्या व तंत्रज्ञांच्या मुलाखती नोंदवून ठेवल्यास या उपेक्षित इतिहासाला अभ्यासाचे साधन मिळेल. ज्यांच्याकडे ही माहिती आहे ती पिढी आज वृद्ध झाली आहे, हे ध्यानात घेता हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.